कोरडे डोळे आणि इस्ट्रोजेन: एका उपचाराची कुळकथा

रजोनिवृत्तीच्या सुमारास डोळे कोरडे पडतात, त्यावर संप्रेरके द्यावीत ही कल्पना अगदी सरळ हिशेबातून आली. पाळी जाते तेव्हा शरीरातले इस्ट्रोजेन घटते आणि त्याच वयात डोळे चुरचुरू लागतात, वाळूचा कण गेल्यासारखे खुपतात. तेव्हा जे घटले ते भरून काढावे. हा हिशेब बरीच वर्षे कुणाला खटकला नाही.

विकाराची पहिली नीट नोंद स्वीडनची. नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली सादर केलेल्या प्रबंधात १९ रुग्ण होते. सगळ्या स्त्रिया, बहुतेकींची पाळी गेलेली, १३ जणींना सांधेदुखीचाही त्रास. डोळ्यांच्या पृष्ठभागावरची इजा दिसावी म्हणून शोग्रेन यांनी रोज बेंगाल हा लाल रंग वापरला. अश्रू मोजण्याची सोय त्याआधीच झाली होती: जर्मनीच्या ओटो शिर्मर यांनी १९०३ साली टिपकागदाची चाचणी मांडली होती. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ओल किती मिलिमीटर चढते ते पाहायचे. ५ मिलिमीटरपेक्षा कमी चढली, तर अश्रू फारच कमी समजतात. परीक्षकांनी शोग्रेन यांच्या प्रबंधाची फारशी कदर केली नाही, पण आज त्यांचे नाव संपूर्ण जगात एका आजाराला आहे. हा आजार स्वप्रतिकारशक्तीचा. रजोनिवृत्तीनंतरचा साधा कोरडेपणा त्याहून वेगळा आणि कितीतरी अधिक स्त्रियांना होणारा. मात्र ‘उतारवयातली स्त्री आणि कोरडे डोळे’ ही जोडी वैद्यकात तेव्हापासून पक्की झाली.

उपचाराचे साधन अमेरिकेतून आले. गाभण घोडींच्या मूत्रातून काढलेले इस्ट्रोजेन १९४२ साली तिथे ‘प्रेमरिन’ नावाने विक्रीस आले आणि १९६०च्या दशकात त्याचा वापर झपाट्याने वाढला. अंगातून निघणाऱ्या वाफा, योनीचा कोरडेपणा यांवर ते खरोखरच गुणकारी होते. मग डोळ्यांनाही त्याचा फायदा होईल, असे वाटणे स्वाभाविक होते. काही लहान अभ्यासांत तसे दिसलेही. व्हिएन्नात १९९०च्या दशकात इस्ट्रोजेनचे थेंब थेट डोळ्यांत घालून पाहिले गेले.

हिशेब उलटला तो २००१ साली. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ स्टडी’मधील रजोनिवृत्त झालेल्या २५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली गेली. कधीच संप्रेरके न घेतलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कोरड्या डोळ्यांची शक्यता ६९ टक्क्यांनी जास्त निघाली, तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्यासारखे औषध घेणाऱ्यांत २९ टक्क्यांनी. उपचार जितका लांबला, तितकी ही शक्यता वाढत गेली. हा निरीक्षणात्मक अभ्यास होता, त्यामुळे दोष इस्ट्रोजेनचाच, असे त्यातून सिद्ध होत नाही. पण ते डोळ्यांचे औषध आहे, हा विश्वास मात्र टिकला नाही.

असे का व्हावे, याचा धागा पापणीच्या कडेला सापडतो. तिथे मायबोमियन ग्रंथींची रांग असते, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली त्यांचे वर्णन केले. या ग्रंथींतून पाझरणारे तेल अश्रूंवर पातळ थर धरते, म्हणून अश्रू चटकन उडून जात नाहीत. तेल कमी पडले की डोळा सुकतो, आणि त्या चिडीने कधीकधी उलट पाणी वाहू लागते; म्हणून ‘डोळ्यांतून पाणी येते’ या तक्रारीमागेही कोरडेपणाच असू शकतो. बॉस्टनमध्ये डेव्हिड सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकापासून दाखवून दिले, की अश्रुग्रंथी आणि या तैलग्रंथी दोन्हींवर हुकमत मुख्यतः अँड्रोजेनची, म्हणजे ज्यांना पुरुषी संप्रेरके म्हणतात त्यांची. स्त्रीच्या शरीरातही ती असतात आणि वयानुसार कमी होत जातात. इस्ट्रोजेन मात्र तैलग्रंथींचा स्राव कमी करू शकते. अँड्रोजेनला अटकाव करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत पापण्यांतले तेल बिघडलेले आढळले, त्यामुळे या मांडणीला बळ मिळाले.

त्यातून टेस्टोस्टेरॉनच्या थेंबांचे प्रयोग झाले, पण ते नेहमीच्या उपचारात आलेले नाहीत. पोटातून दिल्यास चेहऱ्यावर लव येणे, आवाज घोगरा होणे असे परिणाम स्त्रियांत होऊ शकतात. आज केवळ कोरड्या डोळ्यांसाठी संप्रेरके लिहून दिली जात नाहीत. इतर कारणांसाठी ती घेणाऱ्या स्त्रीचे डोळे चुरचुरू लागले, तर नेत्रतज्ज्ञाला त्या गोळ्यांबद्दल सांगणे आवश्यक असते. प्रत्यक्ष उपचार म्हणजे कृत्रिम अश्रूंचे थेंब, तैलग्रंथी मोकळ्या व्हाव्यात म्हणून पापण्यांना कोमट शेक, दाह असल्यास सायक्लोस्पोरिनचे थेंब आणि अश्रू फारच कमी असतील तर ते वाहून नेणाऱ्या छिद्रांत बसवलेले बारीक बूच.