शिंग, कॉर्नेट आणि विद्यापीठ : चांदा प्रदेशाच्या संदर्भात पितळी वाद्यांच्या शिक्षणाचा विचार

इ. स. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्यात चांदा जिल्हा, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतांश भाग, जुन्या मध्यप्रदेश राज्यात मोडत होता. त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि चांदा मुंबई राज्यात आला. पुढे १९६० साली तो महाराष्ट्राचा भाग झाला व १९८२ साली त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. पुनर्रचनेपूर्वीच्या त्या अखेरच्या दिवसांत एकाच राज्याच्या हद्दीत संगीतशिक्षणाच्या दोन संस्था नांदत होत्या. सातपुड्यातील पचमढी येथे १९५० साली जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने लष्करी संगीताची शाळा स्थापन झाली होती. तर छत्तीसगडातील खैरागढ येथे, तेथील राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे उद्घाटन झाले. पचमढीत कॉर्नेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम ही वाद्ये रीतसर शिकविली जात. परंतु ती शाळा सैनिकांची होती. खैरागढचे विद्यापीठ सर्वांसाठी होते. परंतु त्याच्या शिक्षणाचा मुख्य भर कंठसंगीत, तंतुवाद्ये, तबला आणि नृत्य यांवर राहिला. ज्या विद्येची शाळा होती तिला विद्यापीठ नव्हते, आणि जे विद्यापीठ होते त्यात त्या विद्येला आसन नव्हते. ही विभागणी कशी घडली आणि तिचे कारण संगीतात आहे की संगीताबाहेर, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

१

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. पोकळीतून वारा घालून वाजविले जाणारे ते सुषिर. या वर्गात बासरी, सनई, शंख आणि शिंग ही सर्व एकत्र येतात. वास्तविक त्यांची नादोत्पत्ती भिन्न आहे. बासरीत वाऱ्याचा झोत कडेवर आदळतो, सनईत पत्ती कंप पावते आणि शिंगात वाजविणाऱ्याचे ओठच कंप पावतात. हा भेद वर्गीकरणात स्पष्टपणे मांडला तो १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन विद्वानांनी. ज्याला व्यवहारात ‘पितळी वाद्य’ म्हणतात त्याचे खरे लक्षण पितळ हे नसून ओठांचा कंप हे आहे. सॅक्सोफोन पितळेचा असूनही पत्तीवाद्य ठरतो, आणि शंख धातूचा नसूनही कॉर्नेटचा सगोत्र ठरतो.

शास्त्राने जो भेद पारिभाषिक केला नाही तो मराठी भाषेने क्रियापदात जपलेला दिसतो. मराठीत बासरी वाजवितात, सनई वाजवितात, पुंगीही वाजवितात. परंतु शंख, शिंग आणि तुतारी ही वाद्ये प्रायः ‘फुंकतात’. ‘रणशिंग फुंकणे’ या वाक्प्रचारात तर दुसरे क्रियापद चालतच नाही. फुंकणे म्हणजे इशारा देणे, वर्दी देणे, आवाहन करणे; वाजविणे म्हणजे सूर मांडणे. केशवसुतांनी १८९३ साली ‘तुतारी’ ही कविता लिहिली तेव्हा हे वाद्य आवाहनाचे प्रतीक म्हणूनच त्यांना उपयोगी पडले. बिगुलाच्या बाबतीत दोन्ही क्रियापदे चालतात. कॉर्नेट मात्र ‘फुंकला’ असे कोणी म्हणत नाही, तो वाजवितात. एकाच जातीच्या वाद्यांत एका ठिकाणी क्रियापद पालटते, आणि ते नेमके कोठे पालटते हे पाहणे उद्बोधक आहे.

नावांचा इतिहासही हेच नाते सांगतो. संस्कृत ‘शृंग’पासून मराठी ‘शिंग’ आले. लॅटिन ‘कोर्नू’ आणि इंग्रजी ‘हॉर्न’ हे शब्द त्याच आदिम धातूपासून निघालेले असून, ‘कॉर्नेट’ म्हणजे मूळ अर्थाने ‘लहान शिंग’ होय. ‘बिगुल’ हा शब्द इंग्रजीतून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील गोऱ्ह्याचा वाचक शब्द आहे. ‘कर्णा’ फारसीतून आला व नगारखान्यात रुळला. अकबराच्या दरबाराचे वर्णन करणाऱ्या ‘आईने अकबरी’त नगारखान्यातील वाद्यांमध्ये कर्ण्याबरोबर गाईच्या शिंगाच्या आकाराच्या पितळी शिंगाचीही नोंद आहे. तेव्हा वरातीतील कॉर्नेट परका आणि वेशीवरचे शिंग आपले, ही समजूत शब्दशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. दोन्ही एकाच पशूच्या मस्तकावरून उतरलेली आहेत.

२

फुंकणे आणि वाजविणे यांमधील सीमारेषा भौतिक कारणाने आखली गेली आहे. ठराविक लांबीच्या शिंगातून ओठांचा ताण पालटून जे नाद निघतात, त्यांच्या कंपनसंख्या एक, दोन, तीन, चार, पाच, सहा अशा पूर्णांकांच्या प्रमाणात वाढत जातात. दुसऱ्या नादाला षड्ज मानले तर तिसरा पंचम, चौथा तार षड्ज, पाचवा त्याच्या वरचा गांधार आणि सहावा त्या सप्तकातील पंचम येतो. खालच्या बाजूस नादांत मोठी अंतरे राहतात. सलग सप्तक तेथे मिळत नाही. म्हणून शिंगावर आरोळी उत्तम निघते, चीज निघत नाही.

ही अडचण झडपांच्या योजनेने दूर झाली. तिचे पेटंट श्ट्योल्त्सेल व ब्ल्यूमेल या दोन जर्मन वादकांनी १८१८ साली घेतले. पुढे रूढ झालेल्या तीन झडपांच्या रचनेत दुसरी झडप दाबली असता नळीची लांबी वाढून सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलीने एका स्वराने आणि तिसरीने दीड स्वराने. तिन्हींच्या मेळाने मधली सर्व अंतरे भरून निघतात. त्याच १८१८ सालाच्या मे महिन्यात इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला आणि पुढच्याच महिन्यात दुसरा बाजीराव शरण आला. दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु ज्या पलटणींमागोमाग झडपांचे वाद्य या मुलखाच्या जवळ आले, त्या पलटणींचा अंमल येथे ज्या पिढीत बसला त्याच पिढीत ते वाद्य घडले, एवढे लक्षात घेण्यासारखे आहे.

३

या प्रदेशात शिंग शिकण्याच्या जुन्या जागा दोन होत्या. पहिली रानातली. गोंड परंपरेत लिंगो हा आद्य वादक मानला जातो. बस्तरच्या मुरियांच्या कथांत तो अठरा वाद्ये वाजवितो. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात त्या नोंदविल्या आहेत. बस्तरच्या गोंड जमातींत ‘अकुम’ नावाचे शिंगाच्या आकाराचे धातूचे वाद्य आहे. बस्तरचा मुलूख गडचिरोलीच्या सीमेला लागून असून माडिया लोकांची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंस आहे. तेथे नाच, गाणे व वादन यांचे शिक्षण गोटुलासारख्या समूहजीवनाच्या जागी, वडीलधाऱ्यांचे पाहून आणि बरोबरीच्यांसह करून होते. तेथे परीक्षा नसते, परंतु चुकलेला ठेका साऱ्या रिंगणाला कळतो. या अर्थाने ती शाळाच होय.

दुसरी जागा गावातली. मराठी मुलखात वाजंत्र्यांचे काम परंपरेने गुरव, मांग, महार, होलार अशा जातींकडे होते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतातील जातिजमातींच्या ग्रंथात मांगांचा उल्लेख गावचे वाजंत्री म्हणून येतो. येथे विद्या घराण्यातच राही, परंतु त्या घराण्याला ‘घराणे’ म्हणण्याची पद्धत नव्हती. ख्यालगायकाच्या कुळाला तो शब्द मिळाला. शिंगवाल्याच्या वाट्याला ‘वाजंत्री’ हा शब्द आला, आणि त्यातून कलेपेक्षा गावकीतील चाकरीच अधिक ध्वनित होत असे. मोबदलाही धान्याच्या रूपाने, कामाच्या हक्काने आणि उपकाराच्या भाषेत दिला जाई.

४

तिसरी शाळा पलटणीची. नागपूरजवळ कामठी येथे १८२१ साली छावणी वसली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा प्रत्यक्ष इंग्रजी अंमलाखाली आला. इंग्लंडात १८५७ साली नेलर हॉल येथे लष्करी संगीताचे विद्यालय निघाले व बँडमास्तरांच्या शिक्षणाला एकसारखेपणा आला. हिंदुस्थानी पलटणींतही बँड उभे राहिले. मीरतच्या जाली कोठी भागात १८८५ पासून नादिर अली आणि कंपनी या पेढीने बँडच्या वाद्यांचा धंदा मांडला आणि पुढे देशी बनावटीची वाद्ये सर्वत्र मिळू लागली. वाद्य स्वस्त झाले तेव्हा ते छावणीबाहेर पडून लग्नाच्या वरातीत आले. ग्रेगरी बूथ यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले आहे की, बँडमध्ये शिरलेले वादक बहुधा परंपरागत वाजंत्री समाजांतूनच आले होते. ज्यांच्या घरी सनई व ढोल होता त्यांच्याच हाती क्लॅरिनेट व कॉर्नेट आला. क्रियापद पालटले ते येथे. आजा फुंकीत होता, नातू वाजवू लागला.

गोव्यात याहून निराळी वाट होती. तेथील चर्चशी जोडलेल्या पॅरिश शाळांत मुलांना स्वरलिपी व वाद्यवादन शिकविले जाई. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि संस्थानी बँडांत गेले. आल्दोन गावी जन्मलेला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि संगीतकार सी. रामचंद्र यांचे ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील साहचर्य प्रसिद्धच आहे. लिपीचे ज्ञान असले की वाजंत्री ‘म्युझिशियन’ ठरतो, हा या उदाहरणातील बोध होय.

बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली. त्यांचे पुत्र अल्लाउद्दीन खाँ, म्हणजेच डॉ. पठाण, यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमीत संगीताचे शिक्षण घेतले होते. शाळा, दरबारी कलावंत आणि पाश्चात्त्य धर्तीचा बँड हे तिन्ही एका संस्थानाच्या छत्राखाली होते. गायनशाळा पुढे बडोद्याच्या विद्यापीठात सामील झाली. बँडची विद्या मात्र त्या वाटेने विद्यापीठात आली नाही. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग १९६९ साली आणि पुण्याचे ललित कला केंद्र १९८७ साली निघाले, तेव्हाही विद्यापीठीय संगीताचा आराखडा ठरून गेलेला होता.

५

यावर असा आक्षेप संभवतो की, झडपांच्या वाद्याचे सूर बांधीव असल्याने त्यात मींड व श्रुती येत नाहीत, म्हणून ते हिंदुस्थानी संगीताला परके राहिले. आक्षेप विचारार्ह आहे, परंतु पुरेसा नाही. हार्मोनियमचे सूर कॉर्नेटहून अधिक बांधीव आहेत. आकाशवाणीने १९४० साली त्यावर बंदी घातली, ती पुढे सुमारे तीन दशके टिकली. तरी गायनाच्या वर्गातून हार्मोनियम हलला नाही. उलट ट्रॉम्बोनची सरकती नळी मींड काढण्यास स्वभावतःच अनुकूल आहे, पण त्याला कोणी वर्गात बोलाविले नाही. व्हायोलिन परदेशी असूनही विद्यापीठात बसले. तेव्हा निवड केवळ सुरांनी केली नाही. वाद्य कोणाच्या हाती होते, ते कोठे वाजत होते आणि वाजविणाऱ्याला काय म्हणत होते, यांचाही त्या निवडीत वाटा होता.

हे जाणण्यासाठी पुन्हा १९५६ च्या ऑक्टोबरकडे वळले पाहिजे. ज्या दिवशी खैरागढला विद्यापीठाचे उद्घाटन झाले, त्याच १४ ऑक्टोबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना दिली. १६ ऑक्टोबरला असाच दीक्षासमारंभ चांद्यास झाला. या चळवळीने मेलेली गुरे ओढण्याबरोबरच गावकीची हीन मानलेली कामे टाकून देण्याचा आग्रह धरला होता, आणि सवर्णांच्या दारी वाजविण्याची सक्ती ही त्या कामांपैकीच होती. अनेकांनी वाद्य खाली ठेवले ते कला विसरली म्हणून नव्हे, तर त्या कलेबरोबर येणारी मान खाली घालण्याची अट नाकारण्यासाठी. एका बाजूस संगीताला विद्यापीठाची प्रतिष्ठा मिळत होती. दुसऱ्या बाजूस ज्यांच्याकडे फुंकवाद्यांची परंपरा होती त्यांच्यापैकी कित्येकांना प्रतिष्ठेसाठीच वाद्य सोडावे लागत होते. या दोन घटना एकाच दिवशी घडणे हा योगायोग खरा, परंतु त्यांमधील अंतर हा योगायोग नव्हे.

६

चांदा प्रदेशाला स्वतःचे विद्यापीठ २०११ साली मिळाले. तोवर नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत असलेली दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाकडे आली. या परिसरात फुंकवाद्यांचे विद्यापीठीय शिक्षण जर कधी योजिले गेले, तर वरील इतिहासातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतील. एक, वर्ग धातूवरून न करता नादोत्पत्तीवरून करावा. म्हणजे अकुम, शिंग, तुतारी, बिगुल आणि कॉर्नेट एकाच अभ्यासक्रमात शेजारी बसतील आणि नादांच्या प्रमाणाचा पाठ रानातल्या शिंगावरून सुरू करून झडपांपर्यंत नेता येईल. दोन, लिपी न जाणणाऱ्या वादकालाही अध्यापनाचा अधिकार असावा, कारण या विद्येच्या जुन्या शाळांत लिपीविना शिक्षण झाले आहे. तीन, आणि हे सर्वांत नाजूक आहे : परंपरेच्या रक्षणासाठी कोणाच्या हाती पुन्हा शिंग देण्यापूर्वी ते त्याच्या वडिलांनी का ठेवले हे विचारले गेले पाहिजे. ज्याने ते ठेवले त्याचा निर्णयही या इतिहासाचाच भाग आहे, आणि तोही अभ्यासक्रमात आला पाहिजे.

फुंकण्यापासून वाजविण्यापर्यंतचा प्रवास या वाद्यांनी छावणीत आणि वरातीत पुरा केला. त्यात विद्यापीठाचा हात नव्हता. वाजविण्यापासून शिकविण्यापर्यंतचा टप्पा मात्र विद्यापीठावाचून पुरा व्हावयाचा नाही. तो गाठताना ‘वाजंत्री’ या शब्दाचा अर्थ पालटला नाही, तर वाद्य विद्यापीठात येईल आणि वादक पूर्वीप्रमाणेच दाराबाहेर राहील.