रंगात रुतलेली वाळू

१८४१मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने कथलाच्या नळीचं पेटंट घेतलं. तैलरंग खिशात मावू लागले आणि समुद्र समोर ठेवून रंगवणं खूपच सोपं झालं.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर यूजीन बूदँ आपल्या पेस्टल चित्रांवर तारीख, वेळ, अगदी वारासुद्धा टिपून ठेवी. व्यंगचित्रं विकणाऱ्या कोवळ्या क्लोद मोनेला उघड्यावर रंगवायला त्यानेच नेलं. हे ऋण फार मोठं.

मोनेच्या १८७०मधल्या त्रूव्हिल किनाऱ्याच्या चित्रात रंगात रुतलेले वाळूचे कण सापडले आहेत. भर वाऱ्यात केलेल्या कामाचा याहून चोख पुरावा कोणता?

१८८५च्या नोव्हेंबरमध्ये एत्रेतात त्याचा भरतीचा अंदाज चुकला. लाटेने त्याला कड्यावर आपटलं. कॅनव्हास, रंग, इझल सगळं वाहून गेलं. तरी पुढच्याच वर्षी तो बेल-ईलच्या वादळी खडकांवर रंगवत होता. तिथे सामान वाहणाऱ्या पोली या मच्छीमाराचं व्यक्तिचित्रही त्याने काढलं.