‘बॉक लाइन’ : बिलियर्ड्सच्या टेबलावरचा बांध

बिलियर्ड्स आणि स्नूकरच्या समालोचनात ‘बॉक लाइन’ हा शब्द वारंवार कानी पडतो. टेबलाच्या खालच्या कुशनपासून २९ इंचांवर (७३७ मि.मी.), त्या कुशनला समांतर आखलेली सरळ रेषा म्हणजे बॉक लाइन. ही रेषा आणि तिच्यामागचा पट्टा मिळून ‘बॉक’ होतो. रेषेवर थांबलेला चेंडूही बॉकमध्येच धरला जातो. रेषेच्या मध्यबिंदूवरून बॉकच्या आत ११.५ इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढतात. आकारामुळे त्यास ‘डी’ हे नाव पडले.

जुन्या इंग्रजीत ‘बॉक’ म्हणजे नांगरताना शेतात राखलेला बांध. पुढे त्यास ‘अडसर’ हा अर्थ आला.

विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ मध्ये जागतिक हौशी विजेतेपद मिळवले, त्या इंग्लिश बिलियर्ड्समध्ये हा अडसर खराखुरा असतो. क्यू बॉल पॉकेटमध्ये गेल्यास खेळाडूला पुढचा फटका ‘डी’मधून मारावा लागतो. त्या वेळी बॉकमधील चेंडूवर थेट फटका मारता येत नाही; आधी बॉकबाहेरचा चेंडू किंवा कुशन गाठावी लागते. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याचा चेंडू टेबलाबाहेर असताना उरलेले दोन्ही चेंडू बॉकमध्ये नेऊन ठेवणे, ही बचावाची प्रभावी चाल ठरते. तिला ‘डबल बॉक’ म्हणतात.

या रेषेने लांबलचक ब्रेकलाही लगाम घातला. ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यांनी १९३२ मध्ये लंडनमध्ये ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. कुशनलगत चेंडू जवळजवळ ठेवून सलग कॅनन करण्यात त्यांचा हातखंडा होता. अशा खेळाला आळा घालण्यासाठी ठरावीक गुणांनंतर क्यू बॉलने बॉक लाइन ओलांडण्याची सक्ती आली. मग ती घडी मोडून खेळ पुन्हा जुळवणे भाग पडले.

स्नूकरमध्ये पिवळा, तपकिरी व हिरवा हे चेंडू याच रेषेवर मांडतात. तेथेही क्यू बॉल हाती आल्यास खेळ ‘डी’मधूनच सुरू होतो, मात्र बॉकमधील चेंडूवर थेट फटका मारण्यास बंदी नाही. पॉकेट नसलेल्या टेबलावरील ‘बॉकलाइन’ हा खेळ निराळा. त्यात रेषांनी टेबलाचे चौकोन पाडतात आणि एका चौकोनात ठरावीक संख्येपेक्षा अधिक कॅनन करता येत नाहीत.