दोन काठ, एक नदी

'नदी म्हणजे नैसर्गिक सीमा' असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. सिरोंच्याला गेलो आणि चूक कळली. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते, पलीकडे कालेश्वर. सोयरीक मात्र दोन्ही काठांवर.

२३ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबईत महाराष्ट्र-तेलंगणाचा करार झाला. मेडीगड्डा बंधाऱ्याची पातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर ठरली. २०१९ मध्ये तो सुरू झाला. पाणी मुख्यतः तेलंगणाच्या शेतीला, फुगवटा मात्र सिरोंच्याच्या शेतांतही. जुलै २०२२ च्या पुराने पिके गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे खांब खचले.

राज्यांनी मिळून पाणी वाटावे, हे मला मान्यच आहे. पण पुढच्या करारावर काठावरच्या ग्रामसभांचीही सही हवी. पूर त्यांच्याच दारात येतो ना!