ॲव्हलॉनचा दाखला

मिसिसिपी जॉन हर्ट हे ब्लूज आणि लोकगीतांचे गायक. त्यांचे जन्मवर्ष कुठे १८९२, तर कुठे १८९३ दिले जाते. ओके या रेकॉर्ड कंपनीच्या नोंदी मात्र तारीखवार आहेत. १४ फेब्रुवारी १९२८ रोजी मेम्फिसमध्ये त्यांची आठ गाणी मुद्रित झाली. बाजारात आली फक्त दोन. डिसेंबरच्या २१ आणि २८ तारखांना ते न्यूयॉर्कला पुन्हा गायले. त्यानंतर ३४ वर्षांहून अधिक काळ ध्वनिमुद्रण नाही.

पुढचा साक्षीदार म्हणजे त्यांचे ‘ॲव्हलॉन ब्लूज’ हे गाणे. ब्लूजमध्ये गावांची नावे सर्रास येतात, त्यामुळे एरवी अशा उल्लेखावर फारसे विसंबता येत नाही. पण इथे गायक न्यूयॉर्कमध्ये बसून ॲव्हलॉनला आपले गाव म्हणतो आणि कंपनीची नोंदही हे गाणे २१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्येच मुद्रित झाल्याचे सांगते. दोन स्वतंत्र पुरावे जुळले की गाण्यातल्या ओळीलाही दस्तऐवजाचे वजन येते!

१९६३ साली टॉम हॉस्किन्स या तरुण संग्राहकाने हाच धागा पकडला. जुन्या नकाशात मिसिसिपीतले ॲव्हलॉन सापडले, आणि तिथे हर्टही. त्यांच्याजवळ तेव्हा गिटार नव्हती, असे हॉस्किन्सच्या हकिगतीवरून दिसते.

मग हे तेच हर्ट कशावरून? त्याच वर्षी जुलैमध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी झालेली ध्वनिमुद्रणे १९२८ च्या तबकड्यांशेजारी ठेवून ऐकावीत. अंगठा खर्जाच्या तारांवर आळीपाळीने तोच संथ ठेका धरतो, बोटे वरच्या तारांवर चाल वाजवतात. पण हात ओळखणे हा शेवटी कानाचा निर्वाळा. मला अधिक मोलाची वाटते ती गाण्यांची यादी. मेम्फिसला मुद्रित होऊनही तेव्हा बाजारात न आलेली ‘मंडे मॉर्निंग ब्लूज’, ‘स्लायडिंग डेल्टा’ आणि ‘केसी जोन्स’ १९६३ नंतरच्या ध्वनिमुद्रणांत पुन्हा भेटतात. ‘केसी जोन्स’ अनेकजण गात. ते बाजूला ठेवू. उरलेली दोन नावे मात्र कंपनीच्या कागदांशी जुळतात, आणि तबकड्या ऐकून नक्कल करणाऱ्याला ती हर्टच्या तबकड्यांवर मिळालीच नसती.

मधल्या वर्षांत ते शेतीची कामे करत आणि गावच्या नाचगाण्यांत वाजवत, ही माहिती मुख्यतः त्यांच्याच उतारवयातल्या बोलण्यातून येते. ती खरी असावी, असा माझा तर्क आहे. इतकी वर्षे गिटार पूर्ण सुटली असती, तर अंगठ्याचा तो ठेका इतका अचूक राहिला नसता. जुलै १९६३ मध्येच ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी मिसिसिपीतल्याच ग्रेनाडा इथे त्यांचे निधन झाले.