पावसासाठी जन्मलेली कांगा लीग

पाऊस आला की जगभर क्रिकेट थांबते. मुंबईत मात्र १९४८ पासून एक हौशी स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यातच भरते.

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी फलंदाज १९११ साली इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय संघात होते. त्यांच्या स्मरणार्थ ही लीग सुरू झाली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा ठिकाणी रविवारी क्लबांचे संघ भिडतात. सामने इतके खेटून चालतात की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच सामन्याच्या यष्टिरक्षकाशेजारी उभा दिसतो.

खरी परीक्षा खेळपट्टीची. ती उघडी असते; ओल्या मातीवर चेंडू कधी छातीपर्यंत उसळतो, कधी घोट्याखाली सरपटतो. मैदानात गवत एवढे माजलेले की जमिनीलगतचा सुरेख फटका वाटेतच अडकतो. चौकार हवा असेल तर चेंडू उचलूनच मारावा लागतो. म्हणून इथल्या तीस-चाळीस धावांनाही मोल असते. मुंबईच्या फलंदाजीतला तो प्रसिद्ध ‘खडूस’पणा बराचसा या चिखलातच मुरला, असे मानायला जागा आहे.

गोलंदाजांसाठी मात्र हाच चिखल सोन्याचा. डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर शिवाजी पार्क जिमखान्याकडून या लीगमध्ये वर्षानुवर्षे खेळले. प्रथम श्रेणीत त्यांनी ५८९ बळी घेतले, पण कसोटी एकही मिळाली नाही. भारतीय संघात त्या काळी बिशनसिंग बेदी होते. कसोटीचे दार उघडलेच नाही, तरी पाऊस दरवर्षी येत राहिला आणि शिवलकर गोलंदाजी करत राहिले.