भाकरी पचवणारा लांडगा

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा त्याच्या लाळेपाशी थांबते. त्याच्या पोटापर्यंत कुणी जात नाही. माणसाच्या आणि त्याच्या सहवासाची निशाणी मात्र तिथेच आहे.

२०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना केली. धान्यातलं पिष्ट पचवायला स्वादुपिंडातून अमायलेझ पाझरतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती निघाल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. पूर्व युरोपातल्या प्राचीन अवशेषांवरून ही वाढ किमान ७ हजार वर्षांपूर्वीची ठरते. कुत्रा माणसाळला त्याच्या कितीतरी आधी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा आहे, आणि तेव्हा तिथे शेती नव्हती. आधी सोबत जमली, भाकरी मागून आली. शेतकऱ्यांच्या वस्तीत उरलंसुरलं ज्यांना पचलं त्यांचा वंश वाढला. ऑस्ट्रेलियात गेलेला डिंगो शेतीपासून लांब राहिला, त्याच्यात आजही दोनच प्रती आढळतात.

तेव्हा 'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मांसच द्या' हा हल्लीचा आग्रह मला इतिहासाला धरून वाटत नाही. अर्थात नुसत्या भाकरीवरही त्याचं भागत नाही, मांसातली प्रथिनं आणि चरबी त्याला लागतेच.

पण आपल्यासोबत इतकी वर्षं जेवूनही आपल्या ताटातलं सगळं त्याला सोसत नाही. कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात. शिजवलेलं हाड चावताना तडकतं आणि टोकं आतड्यात रुततात. बकरी ईदनंतर मोहल्ल्यातल्या कुत्र्यांपुढे आपण नेमकं काय टाकतो? रश्शातली हाडं, नाहीतर कच्ची आतडी-फुप्फुसं. जनावराच्या यकृत-फुप्फुसात फीतकृमीच्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेवाटे माणसापर्यंत, विशेषतः अंगणात खेळणाऱ्या मुलांपर्यंत पोचतात.

सूरह माइदामध्ये शिकवलेल्या कुत्र्याने धरून आणलेली शिकार खायची मुभा आहे. म्हणजे तो आपल्यालाही खाऊ घालत आला आहे. त्याचा वाटा फोडणी पडण्याआधी बाजूला काढावा, बिनमसाल्याचा चांगला उकळावा, हाड वेगळं करावं आणि त्यात शिळी भाकरी कुस्करावी. फुप्फुसात गाठी दिसल्या तर ते कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल पुरावं.